भंडारा उधळला आणि चित्राचा चिखल झाला: व्हिडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. या वेळची बहुतेक सगळी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, काढताना व्हिडिओ छान दिसत होता आणि चढवल्यावर नाहीतर पाठवल्यावर त्याची पार रया गेली. उत्तरांकडे वळायच्या आधी एक विनंती. कुणालाही विचारायच्या आधी मूळ फाईल, म्हणजे मोबाईलमधली किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरची अगदी पहिली फाईल, मोठ्या स्क्रीनवर लावून बघा. तिथेच चित्र खराब असेल तर दोष शूटिंगचा. ती स्वच्छ आहे आणि एडिट करून एक्सपोर्ट केलेली फाईल खराब आहे तर दोष एक्सपोर्टचा. दोन्ही चांगल्या असतील तरच यूट्यूबकडे किंवा नेटकडे बघायचं. हे न करता लोक थेट नवा मोबाईल घ्यायला निघतात, पंचवीस-तीस हजार घालवतात आणि दुखणं आहे तिथेच राहतं, फार वाईट वाटतं हो हे बघून. आणि ती मूळ फाईल डिलीट करू नका, काम झालं तरी करू नका, खाली बऱ्याच उत्तरांत तीच लागणार आहे.

प्रश्न: दादा, सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलो होतो. पालखी निघताना भंडारा उधळला तो व्हिडिओ मोबाईलमध्ये एकदम भारी दिसतो पण यूट्यूबवर टाकला तर नुसते पिवळे चौकोन, माणसांचे चेहरेपण वितळल्यासारखे दिसतात. पालखी जरा थांबते तिथे मात्र सगळं नीट. सेटिंग १०८०पी आहे. माझं चुकतंय कुठे? (एक वाचक, सासवड)

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही, आणि तुम्ही इतकं नीट पाहून लिहिलंय की अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, पालखी थांबली की सगळं नीट. व्हिडिओ दाबून लहान करायची जी पद्धत असते, जिला कोडेक म्हणतात, ती प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण घेते आणि पुढच्या फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय सरकलं, काय बदललं तेवढंच लिहून ठेवते. गडाची दगडी भिंत, दीपमाळा, कमानी या काही हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही आणि माणूस चालत गेला तरी ‘हा तुकडा एवढा उजवीकडे सरकला’ असं सांगून भागतं. पण भंडारा उधळला की काय होतं बघा, हळदीचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेला उडतोय, पुढच्या फ्रेममध्ये तो तिथे नाहीये, त्याच्या जागी दुसराच आहे, म्हणजे मागच्या फ्रेमवरून सांगण्यासारखं काही उरतच नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं. आणि लिहायला जागा तर ठरलेली. दर सेकंदाला अमुक इतकेच बिट मिळणार, त्यालाच बिटरेट म्हणतात. मग कोडेक हात आखडतो आणि बारीक तपशील टाकून देतो.

असाच गर्दीतला एक व्हिडिओ मी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ई बटण दाबत एकेक फ्रेम करून बघितला. हात वर गेला तेव्हा तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. तीन-चार फ्रेमनंतर मुठीतून पिवळा ढग सुटला आणि त्या ढगाच्या मागे असलेल्या बाईंच्या नऊवारीचे काठ आधी गेले, मग कपाळावरचं कुंकू गेलं, मग अख्खा चेहरा चारपाच चौकोनांत उरला. ढग खाली बसला तसा चेहरा हळूहळू परत आला. ते चौकोन येतात कुठून, तर एच.२६४ हा जो सगळीकडे चालणारा कोडेक आहे तो चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे करून काम करतो, १०८०पी च्या एका फ्रेममध्ये असे साधारण ८,१६० तुकडे होतात. बिट कमी पडले की एकेका तुकड्यात एकच सपाट रंग भरला जातो आणि आपल्याला फरशी बसवल्यासारखं दिसतं. गुलाल, धो धो पाऊस, धबधबा, लग्नात उडवतात त्या चमचमत्या पट्ट्या, वाऱ्यात हलणारा ऊस, सगळ्यांची हीच गत.

आता करायचं काय. तुमचा मोबाईल १०८०पी साठी सेकंदाला साधारण १७ ते २० मेगाबिट देत असणार, म्हणून मोबाईलमध्ये भारी दिसतं. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतः पुन्हा दाबतं आणि १०८०पी ला त्यापेक्षा फारच कमी बिट देतं. पण तोच व्हिडिओ १४४०पी किंवा ४के, म्हणजे १०८०पी पेक्षा जास्त पिक्सेलचा, करून चढवला तर यूट्यूब त्याला जास्त बिट देतं आणि कोडेकही नवा लावतं, व्हीपी९ किंवा एव्ही१, जे तेवढ्याच बिटांत जास्त तपशील राखतात. म्हणून पुढच्या वेळी मोबाईल ४के ला ठेवा, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, २५ किंवा ३० बास, ६० ठेवलात तर दुप्पट फ्रेमांमध्ये बिट वाटले जातात. आणि आत्ता हातात असलेल्या व्हिडिओसाठी, एडिटिंग ॲपमध्ये मूळ १०८०पी फाईल घ्या आणि एक्सपोर्ट करताना रिझोल्यूशन १४४०पी नाहीतर ४के निवडा. त्याने नवीन तपशील तयार होत नाही हे खरं, पण यूट्यूबच्या वरच्या रांगेत बसता येतं आणि भंडाऱ्याच्या व्हिडिओत हा फरक डोळ्याला सरळ दिसतो. एक्सपोर्टचा बिटरेट यूट्यूबने स्वतः सांगितलेलाच धरा: ३० पर्यंतच्या फ्रेमरेटला १०८०पी साठी ८, १४४०पी साठी १६ आणि ४के साठी ३५ ते ४५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके मेगाबिट. यापेक्षा जरा जास्त दिला तरी बिघडत नाही, कमी मात्र देऊ नका. फरक पडला की नाही ते बघायचं तर कॉम्प्युटरवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, कोडेकसमोर एव्हीसी१ लिहिलेलं असेल तर जुना, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असेल तर नवा. आधीचा व्हिडिओ आहे तिथेच बदलता येत नाही, नव्याने चढवावा लागेल, तेवढं सहन करा.

प्रश्न: मुलीच्या गॅदरिंगचा नाच यूट्यूबवर टाकला आणि लगेच सगळ्या नातेवाईकांना लिंक पाठवली. सगळे म्हणाले धुरकट आहे, आणि आज बघितलं तर एकदम क्लिअर! हा काय प्रकार? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, तुम्ही जरा घाई केलीत इतकंच. चढवून झालं की यूट्यूब आधी ३६०पी ची हलकी प्रत तयार करतं म्हणजे व्हिडिओ निदान दिसायला तरी लागतो, मग एचडी आणि शेवटी ४के. मोठ्या व्हिडिओला याला काही तास लागू शकतात. तेव्हा आधी प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवा, गिअरच्या खुणेत १०८० दिसायला लागलं की मग लिंक पाठवा. आजीआजोबा एकदाच उघडून बघतात हो, त्यांना पहिल्याच वेळी नात नीट दिसली पाहिजे.

प्रश्न: सर, मी दुर्गम भागातल्या शाळेवर शिक्षक आहे. फळ्यावर शिकवलेल्या तासाचे व्हिडिओ मुलांसाठी टाकतो. २५ मिनिटांची फाईल साडेतीन जीबी होते आणि अपलोड ५०-६० टक्क्यांवर जाऊन अडकतं, पुन्हा पहिल्यापासून. स्पीड टेस्टमध्ये २० एमबीपीएस दाखवतंय मग एवढा वेळ का? (एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: सर, तुमचं पत्र सगळ्यात आधी उत्तर द्यायला घेतलं होतं. बघा, ते २० आहे डाउनलोडचं. स्पीड टेस्टमध्ये खाली किंवा बाजूला दुसरा आकडा असतो अपलोडचा, मोबाईल नेटवर तो बऱ्याचदा खूपच कमी असतो, समजा तुमच्याकडे २ आहे. दुसरी गोम म्हणजे स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाईल मेगाबाईटमध्ये, एका बाईटमध्ये ८ बिट. साडेतीन जीबी म्हणजे जवळपास २८,००० मेगाबिट, भागिले २, १४,००० सेकंद, म्हणजे पावणेचार तासांच्या वर. इतका वेळ डोंगरातल्या टॉवरची रेंज एकसारखी राहणं अवघड आहे, मध्ये लाईट जाते, कुणाचा तरी फोन येतो.

पण तुमच्या बाजूने एक फार मोठी गोष्ट आहे. वर जेजुरीचं सांगितलं ना, तुमचं बरोबर त्याच्या उलट आहे. फळा हलत नाही, भिंत हलत नाही, हलतो तो फक्त तुमचा हात आणि खडू. अशा व्हिडिओला फार बिट लागतच नाहीत, मोबाईल उगाच १८-१९ एमबीपीएस खर्च करतोय. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, शाळेच्या लॅपटॉपवर टाका. फाईल त्यात घ्या, ‘फास्ट १०८०पी ३०’ हा प्रीसेट म्हणजे तयार सेटिंग निवडा, व्हिडिओच्या पानावर बिटरेट २,००० (म्हणजे २ एमबीपीएस) ठेवा आणि चालू करून घरी जा. फाईल चारशे एमबीच्या आसपास येईल आणि त्याच नेटवर अर्ध्या तासात चढेल. फळ्यावरचं अक्षर वाचता येतंय ना एवढं एकदा फुल स्क्रीन करून बघा, अक्षर धूसर वाटलं तर ३,००० करा. आणि एक महत्त्वाचं, मोबाईल ट्रायपॉडवरच ठेवा, नाहीतर बाकाच्या आधाराने. हातात धरला की अख्खी फ्रेम हलते आणि कोडेकसाठी शांत फळ्याचा पण भंडारा होतो.

अडकण्याबद्दल: पान बंद करू नका, लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका, मोबाईलवरून करत असाल तर बॅटरी सेव्हर काढा. नेट गेलं तर परत आल्यावर तीच फाईल पुन्हा निवडून बघा, बऱ्याचदा राहिलं तिथून पुढे सुरू होतं. फाईलचं नाव मध्येच बदलू नका. आणि १५ मिनिटांवरचे व्हिडिओ चढायला चॅनल फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं लागतं, ते झालंय का बघा, नसेल तर लांब व्हिडिओ शेवटी नाकारला जातो आणि आपण नेटला दोष देत बसतो. रात्री अकरानंतर किंवा पहाटे लावलंत तर टॉवरवर गर्दी कमी असते. तुमच्यासारखी माणसं स्वतःचा डेटा घालून हे करतायत, काही अडलं तर हक्काने परत लिहा.

प्रश्न: आमच्या गावच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं. मांडवात ट्यूबलाईटी असतात. व्हिडिओत काळसर पट्टे खालून वर सरकत राहतात, डोळ्यांनी बघताना काहीच दिसत नाही. एडिटिंगमध्ये जाईल का? (एक हौशी नट, फोंडा, गोवा)

उत्तर: एडिटिंगमध्ये नीटसं जात नाही, म्हणून शूटिंगच्या वेळीच पकडायचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आपल्या डोळ्याला ते कळत नाही. पण कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/६० सेकंदावर असला तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचा वेगवेगळा हिस्सा येतो, आणि मोबाईलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे तो कमीजास्तपणा पट्टा होऊन दिसतो. पाठीमागे पांढरा पडदा असला की तर फारच, राजा बोलतोय आणि पट्टा त्याच्या फेट्यावरून वर चाललाय. शटर १/५० ठेवला की प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके येतात, १/१०० ला एक, पट्टे गायब. मोबाईलच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर हाताने ठेवता येतो. आयफोनमध्ये सेटिंग, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा फ्रेमरेट मिळतो, तो वापरा. काही मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘अँटी फ्लिकर’ असतं, तिथे ५० हर्ट्झ करा. स्लोमोशनचा मोह ट्यूबखाली नको, तिथे शटर १/१०० पेक्षा वेगवान होणारच.

स्वस्तातल्या एलईडी लाईट मात्र कसल्याही वेगाने लुकलुकतात, त्यांच्यासाठी ठरलेला आकडा नाही, नाटकाच्या आधी दहा सेकंदांचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या शटरला काढून बघणं हाच उपाय. अजून एक, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा. अंधारातला प्रवेश आला की मोबाईल आपोआप उजेड वाढवतो, सगळीकडे दाणेदार कचरा येतो, आणि तो कचरा दर फ्रेमला बदलतो, म्हणजे यूट्यूबवर पुन्हा चौकोन. काळोख आहे तो काळोखच राहू द्या, नाटकवाल्यांनी तो मुद्दाम केलेला असतो.

प्रश्न: आमच्या लग्नाची २००३ सालची डीव्हीडी भारतातून घेऊन आलो. इथल्या प्लेयरवर लागतच नाही. कॉम्प्युटरवर लागली, तिथून कॉपी करून यूट्यूबवर टाकली तर कुणी हललं की कडेला आडव्या रेषा रेषा, आणि सगळे जाड दिसतायत. आई आता नाहीये, तिचं हलतंबोलतं एवढंच आहे आमच्याकडे. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: सगळ्यात आधी, आज संध्याकाळीच त्या डीव्हीडीची पूर्ण कॉपी कॉम्प्युटरवर काढा, आयएसओ म्हणून, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, आणि ती अजून दोन ठिकाणी ठेवा. त्या काळी लग्नवाले देत होते त्या रेकॉर्डेबल डिस्कचा रंगाचा थर वर्षांनी खराब होतो, एक दिवस ती कॉम्प्युटरवरही उघडणार नाही. बाकी सगळं नंतर.

आता तुमच्या तीन अडचणी. प्लेयरवर लागत नाही कारण भारतात पाल पद्धत, ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, तुमच्याकडे अमेरिकेत एनटीएससी, ४८० ओळी आणि २९.९७ फ्रेम. तिथले बरेच प्लेयर पाल वाचतच नाहीत, कॉम्प्युटरला ही अडचण नसते. आडव्या रेषांचं कारण, जुन्या व्हिडिओत एक फ्रेम दोन हप्त्यांत घेतलेली असते, आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुन्या टीव्हीवर ते तसंच दाखवलं जायचं म्हणून कळायचं नाही. कॉम्प्युटर दोन्ही हप्ते एकत्र दाखवतो, आणि तेवढ्या वेळात आईंनी मान वळवली असेल तर पदराच्या कडेला फणीचे दात येतात. हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस मध्ये ‘बॉब’ निवडा, त्याने प्रत्येक हप्त्याची स्वतंत्र फ्रेम होते, सेकंदाला ५०, हालचाल जशी कॅसेटवर मऊ दिसायची तशी दिसते. फ्रेमरेट ५० झाला की नाही ते बघून घ्या. जाड दिसण्याचं कारण असं की डिस्कवर चित्र ७२० बाय ५७६ असतं आणि दाखवायचं असतं ४:३ मध्ये, म्हणजे ७६८ बाय ५७६ सारखं. मूळ ४:३ चं चित्र कुणीतरी १६:९ मध्ये ताणलं की सगळे फुगतात. एक्सपोर्ट १४४० बाय १०८० ला करा, दोन्ही बाजूला काळं राहू द्या, ते भरायला जाऊ नका. मोठं करण्याचा अजून एक फायदा, यूट्यूब सेकंदाला ५० फ्रेम फक्त ७२०पी आणि वरच्यांना देतं, ५७६ ची फाईल टाकलीत तर अर्ध्या फ्रेम गळतील.

मागे सिनेमाची गाणी लावलेली असतील तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, अनलिस्टेड ठेवलं तरी येतो, त्यामुळे घरच्यांसाठी फाईलच पाठवलेली बरी. आणि ‘एआयने एचडी करा’ वाल्या ॲपमध्ये आईंचा चेहरा घालू नका, निदान तीच एक प्रत म्हणून तर नाहीच. ते ॲप नाकडोळे अंदाजाने रेखाटतं, चित्र धारदार होतं पण ती दुसरीच कुणीतरी बाई होते.

प्रश्न: भाचीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, तो एडिट करून स्टेटसला आणि यूट्यूबला टाकला, फारच घाण दिसतोय. (एक मामा, लातूर)

उत्तर: मामा, ही झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स झाली. व्हॉट्सॲपने पाठवताना दाबलं, तुम्ही एक्सपोर्ट केलं तेव्हा दुसऱ्यांदा, यूट्यूबने तिसऱ्यांदा. गेलेला तपशील परत येत नाही, कोणत्याच ॲपने नाही. ज्याने शूट केलंय त्याच्याकडून मूळ फाईल मागवा आणि त्याला सांगा की व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. डॉक्युमेंट आहे तसंच येतं, २ जीबीपर्यंत. एचडी चं बटण साध्यापेक्षा बरं, पण तेही दाबतंच. त्याने फाईल डिलीट करायच्या आत सांगा, साखरपुडे झाले की लोक मोबाईल रिकामे करतात.

प्रश्न: नवीन फोनवर यूट्यूब झकास दिसतं पण पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर तोच सिनेमा पुसट. नेट फायबरचं आहे. मित्राच्या जुन्या फोनवर माझ्याच अकाउंटने क्लिअर दिसतं! (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: नेटचा दोष नाहीये. ओटीटीवाले चित्र कुलूप लावून पाठवतात, अँड्रॉइडवर त्या कुलपाचं नाव वाइडव्हाइन. फोन एल१ असेल तर कुलूप थेट चिपमधल्या सुरक्षित भागात उघडतं आणि एचडी मिळतं. एल३ असेल तर बहुतेक सेवा साध्या एसडी दर्जावरच थांबवतात, स्क्रीन कितीही भारी असली तरी. प्ले स्टोअरवरच्या ‘डीआरएम इन्फो’ सारख्या ॲपमध्ये बघा, नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्येही ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ असतं. एल३ निघालं आणि तुम्ही कधी बूटलोडर अनलॉक केला असेल, म्हणजे फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकायला त्याचं मूळ कुलूप काढलं असेल, तर त्यानेच गेलंय. केलेला नसेल तर सिस्टीम अपडेट करून बघा, नाहीतर बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि नेमकं ‘एल१ नाहीये’ असं लिहून द्या, नुसतं पुसट दिसतं म्हटलंत तर स्क्रीन पुसून परत देतील. पुढचा फोन घेताना हे आधी विचारा. हो, आणि प्लॅन मोबाईलवाला स्वस्तातला नाही ना तेही बघा, पण मित्राकडे नीट दिसतं म्हणजे तुमचं तसं नसावं.

प्रश्न: मंडळाच्या २५ वर्षांचा व्हिडिओ चौकात मोठ्या टीव्हीवर लावायचा होता. पेन ड्राइव्हमध्ये ३२ जीबी मोकळी असून ५ जीबीची फाईल जाईना, ‘खूप मोठी आहे’ म्हणतो. कशीबशी लहान करून टाकली तर टीव्हीवर आवाज येतो, चित्र काळं. आरतीनंतर सगळे वाट बघत उभे होते. (गणेश मंडळ कार्यकर्ता, कोल्हापूर)

उत्तर: पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा कारण सगळं पुसलं जातं, आणि तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते बघा, जुने काही वाचत नाहीत. आवाज आहे चित्र नाही याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच, व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये आहे आणि टीव्हीला तो उलगडता येत नाही, किंवा १० बिट एचडीआर, म्हणजे जास्त रंगछटांचा व्हिडिओ, आहे. एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी, एमपी४ असं एक्सपोर्ट करा, हे सगळीकडे चालतं. आयफोनवर काढत असाल तर कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ करा आणि एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर साध्या टीव्हीवर रंग फिके पडतात. आणि बाबांनो, दुपारीच त्याच टीव्हीवर त्याच पेन ड्राइव्हने पूर्ण चालवून बघा. पहिलं मिनिट नाही, पूर्ण.

प्रश्न: आजोबांचं दोन तासांचं कीर्तन मोबाईलवर शूट केलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला जुळवलं तर बरोबर असतं, शेवटी शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. (एक नातू, पंढरपूर)

उत्तर: मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो पण तेवढ्या काढतोच असं नाही, मंडपात उजेड कमी झाला की २७, २४ असा खाली उतरतो, म्हणजे फ्रेमरेट बदलता. बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरना तो एकसारखाच वाटतो आणि फरक साचत जातो. एडिटिंगला घ्यायच्या आधी मूळ फाईल हँडब्रेकमधून ३० आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून काढा, दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ १८ च्या आसपास ठेवा म्हणजे चित्र फारसं खाली येणार नाही. बहुतेक वेळा एवढ्यानेच जुळतं. तरी थोडा फरक उरलाच तर तो दोन यंत्रांच्या घड्याळांचा, दोघांची चाल किंचित वेगळी असते आणि दोन तासांत ती जाणवते.

तो काढायला तुमच्याकडे टाळ आहेत की. सुरुवातीच्या अभंगातला एक टाळाचा ठोका शोधा, आवाजाच्या आलेखात तो सुईसारखा उभा दिसतो आणि चित्रात टाळ टेकलेली फ्रेम सापडतेच. तिथे दोन्ही जुळवा. मग शेवटच्या गजरातला असाच एक ठोका घ्या आणि आवाज किती पुढे किंवा मागे गेलाय ते मोजा, तेवढाच पूर्ण आवाज ताणा किंवा आखडा, सूर कायम ठेवायचा पर्याय चालू ठेवून. ताणायचं नसेल तर जिथे आजोबा थांबून उपरण्याने तोंड पुसतात किंवा टाळकरी चाल धरतात अशा दोन-तीन जागी आवाज कापून पुन्हा जुळवा, ऐकणाऱ्याला कळत नाही. मोबाईलचा स्वतःचा आवाज मात्र टाकून देऊ नका, तो खालच्या ट्रॅकवर तसाच राहू दे, जुळवताना कान त्याच्याच आधाराने चालतात.